बिळातली भाडेकरू



मी जयपूरहून बोलतेय. जयपूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हवामहल येतो, पण मी राहते ते खातीपुऱ्यात. शहराच्या पश्चिमेला, एका अंगाला झोटवाडा, दुसऱ्या अंगाला वैशालीनगर आणि लष्कराची हद्द. राजस्थानीत खाती म्हणजे सुतार. आमचे हे फौजेतून निवृत्त झाले आणि आम्ही इथेच घर केलं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. माहेर सावंतवाडीचं. एवढी ओळख पुरे, कारण आजच्या गप्पा माझ्याबद्दल नाहीत.

आजच्या गप्पा या पेटीबद्दल आहेत. कॅमेरा जरा जवळ आणते. काय दिसतंय? माती. कोपऱ्यात झाडाच्या सालीचा एक तुकडा. बाटलीच्या झाकणात थोडं पाणी. सालीच्या तुकड्याखाली रुपयाच्या नाण्याएवढं एक भोक, आणि त्याच्या तोंडाशी पांढुरक्या रेशमाचा पातळ पडदा. बस्स. त्या भोकात एक टॅरंटुला राहते. आधीच सांगून ठेवते, माझं बोलणं संपेपर्यंत ती बाहेर येणार नाही. मी डायरी ठेवते. गेल्या वर्षभरात मला ती एकूण ४१ दिवस दिसली, आणि त्यातलेही बरेच दिवस म्हणजे पायांची दोन टोकं.

आमच्याकडे कामाला येणारी बाई पहिल्यांदा पेटी पुसताना म्हणाली, "भाभीजी, इसमें है क्या? आपने तो मिट्टी पाल रखी है." आमचे हे तिला भाडेकरू म्हणतात. भाडं देत नाही, तोंड दाखवत नाही, पण खोली सोडत नाही.

ही पेटी माझी नव्हे. मुलाची. तो इथे इंजिनीअरिंगला होता तेव्हा कुणाकडून तरी ऑनलाइन त्याने ती मागवली. एका छोट्या डबीत, ओल्या कापसात गुंडाळलेली आली. आम्हाला सांगितलं ते आल्यावर. मग त्याला पुण्यात नोकरी लागली, खोलीत चौघं जण, तिथे कोळी कोण ठेवून घेणार? जाताना म्हणाला, "आई, काही करावं लागत नाही गं. आठवड्यातून एक किडा टाक आणि पाणी बदल." मुलं कुत्रं आणतात आणि आयांनी फिरवून आणायचं असतं, तसंच हे. फरक इतकाच की हिला फिरवावं लागत नाही.

पहिले दोन महिने ठीक गेले. रात्री दहानंतर दिवा मंद केला की ती तोंडाशी येऊन बसायची. किडा टाकला की क्षणात आत. मग एक दिवस बिळाचं तोंड बंद झालं. आतून माती लावून, वर रेशमाचा लेप देऊन, अगदी गवंड्याने बंद करावं तसं. एक आठवडा गेला, दोन गेले. टाकलेला किडा तसाच फिरत राहिला, तो मी काढून घेतला. पाच आठवडे झाले, सात झाले. बाहेर मे महिना. मला रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार यायचा की ही आत मेली असणार आणि पोराला काय सांगू.

तीस वर्षं मुलांना निरीक्षण शिकवलेल्या बाईने मग काय केलं? अंगणात वर्तमानपत्र पसरलं आणि चमच्याने माती उकरायला घेतली.

चार बोटं खाली एक खोली लागली. आत रेशमाची चटई होती आणि चटईवर ती उताणी पडलेली, आठही पाय वर. मला वाटलं, संपलं. खात्री करायला मी पेन्सिलीच्या टोकाने तिला हलवलं. पाय किंचित हलला. मी घाबरून मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तो ओरडलाच, "आई, हात लावू नकोस! मेलेली नाहीये ती, कात टाकतेय!"

मंडळी, हे नीट ऐका, कारण माझी चूक जगभर नवशिके करतात. टॅरंटुला कात टाकताना उताणी होते. वरचं जुनं कवच झाकणासारखं उघडतं आणि ती त्यातून आपला एकेक पाय हातमोजातून बोट काढावं तसा काढते. यात कित्येक तास जातात. त्या वेळी तिचं नवं अंग लोण्यासारखं मऊ असतं. दातसुद्धा मऊ, पांढरे. म्हणूनच ती आधी खाणं सोडते आणि दार लावून घेते. मरणारा कोळी सहसा उताणा होत नाही. तो सरळच असतो आणि पाय पोटाखाली मुठीसारखे आवळले जातात. त्यालाही कारण आहे. कोळ्याचे पाय दुमडायला स्नायू आहेत, पण लांब करायला त्याला अंगातल्या द्रवाचा दाब लागतो. जेसीबीचा हात तेलाच्या दाबाने उघडतो ना, तसं. पाणी कमी पडलं, दाब गेला की पाय आपोआप मिटतात. म्हणजे उताणी असेल तर दूर राहा, आणि मुठीसारखी मिटली असेल तर आधी पाणी द्या.

ती वाचली. पण डाव्या बाजूचा तिसरा पाय गेला. माझ्या पेन्सिलीने गेला.

तो उन्हाळाभर मी त्या पेटीकडे अपराध्यासारखी बघायचे. आणि मग, उशिराने, शिकायला लागले. जे शिकले ते थोडक्यात सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी पेटी आधीच असू शकते.

पहिलं म्हणजे माती. बिळात राहणाऱ्या जातीला उंच पेटी नको, खोल माती हवी. आमच्या पेटीत आधी जेमतेम तीन इंच होती. आता आठ इंच आहे. नर्सरीत मिळणारं कोकोपीट आणि खत-औषध न मारलेली बागेची माती, दाबून भरलेली. सुरुवातीला बोटाने एक तिरकं भोक करून दिलं, पुढचं घर तिने स्वतः बांधलं. मातीच्या वर मोकळी जागा कमी ठेवायची. टॅरंटुलाचं पोट पातळ पिशवीसारखं असतं, फूटभर उंचीवरून पडली तरी फुटू शकतं.

दुसरं म्हणजे ओल. वरची माती कोरडी, खालची दमट. हे जमिनीत असतं तसंच. एका कोपऱ्यातून आठवड्याला थोडं पाणी सोडते, ते खाली मुरतं. सगळीकडे फवारा मारून चिखल केला तर बुरशी येते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो, हवेत ओल नावाला नसते, आणि दिवसभर कूलर चालतो. मी दुपारी दोन थर्मामीटर लावून पाहिले, एक मातीवर, एक तळाशी. तीन-चार अंशांचा फरक निघाला. राजस्थानातल्या जुन्या हवेल्यांना तहखाने असतात, उन्हाळ्यात माणसं दुपारी तिथे उतरायची. आमची भाडेकरू तेच करते. ती लाजरी किंवा आजारी आहे म्हणून आत बसत नाही. बीळ हेच तिचं घर, कूलर, स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची खोली. ते उकरणं म्हणजे तिचं घर पाडणं.

तिसरं खाणं. घरातलं झुरळ पकडून टाकू नका, त्याने आधी कुठे औषध चाटलं असेल सांगता येत नाही. पक्ष्यांच्या दुकानात खाऊ म्हणून अळ्या मिळतात, त्या गव्हाच्या कोंड्यात वाढतात. आठवड्याला एक-दोन पुरतात. चोवीस तासांत खाल्ली नाही तर अळी काढून घ्यायची, कारण कात टाकलेल्या मऊ कोळ्याला किडाच कुरतडू शकतो. कात टाकल्यावर किमान आठ-दहा दिवस काहीही देऊ नये.

चौथं विष. आपल्याकडे वाळवीचं औषध मारणं नेहमीचंच. शेजारी मारलं तरी पेटी दुसऱ्या घरी हलवा. त्याच खोलीत डासांची कॉइल, मशीन, झुरळांचा स्प्रे नको. जे झुरळाला मारतं ते कोळ्यालाही मारतं.

आणि पाचवं, हात. ती हातावर घ्यायची वस्तू नाही. अमेरिका खंडातल्या बऱ्याच टॅरंटुला पोटावरचे बारीक केस झाडतात, ते डोळ्यांत गेले तर त्रास होतो. आपल्या आशियातल्या जातींकडे ते केस नाहीत, म्हणून त्या पळतात नाहीतर चावतात. चाव्याने माणूस मेल्याची खात्रीशीर नोंद नाही, पण दुखतं भरपूर, आणि काही जातींच्या चाव्याने दिवसेंदिवस स्नायूत गोळे येतात.

आता तुम्ही म्हणाल, बाई, जी दिसत नाही, हातात घेता येत नाही, तिच्यात पाळण्यासारखं काय आहे? परदेशात हौशी लोक अशा जातींना थट्टेने पाळीव भोक म्हणतात. कुत्रा पाळला, मांजर पाळलं, आणि यांनी भोक पाळलं!

पण हळूहळू मला त्या भोकाची भाषा कळायला लागली. सकाळी तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या दिसल्या की रात्री खणकाम झालं. छोटासा काळा लगदा बाहेर पडला असला की जेवण झालं. दार लिंपलं की कात जवळ आली, आता महिना-दोन महिने गप्प बसायचं. आणि दार उघडल्यावर एका सकाळी बाहेर टाकलेली कात मिळते, पाय, दात, सगळं जसंच्या तसं. मी ती साबणाच्या पाण्यात भिजवून थर्माकोलवर टाचण्यांनी लावते. पोटाच्या आतल्या बाजूचं कातडं भिंगाखाली पाहिलं की नर की मादी तेही कळतं. आमची मादी निघाली. म्हणजे हिचं आयुष्य मोठं. नर वयात आले की वर्ष-दोन वर्षांत जातात. माद्या मात्र कितीतरी जातींत वीस वर्षांच्या पुढे जगतात. हे कळलं त्या दिवशी आमचे हे म्हणाले, "म्हणजे भाडेकरू आपल्यानंतरही राहणार."

पण त्याच वेळी एक प्रश्न मला टोचायला लागला, जो मुलाने विचारला नव्हता आणि आम्हीही नाही. ही आली कुठून?

मुलाला विचारलं, पावती आहे? नाही. विकणाऱ्याने काय सांगितलं? "घरी वाढवलेली आहे." कागद? काहीच नाही. कातीचे फोटो मी कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका माणसाकडे पाठवले. त्याच्या मते ही चिलोब्रॅकिस वंशातली असावी. बिळात राहणारा, आशियातला वंश. आपल्या पश्चिम घाटातही त्याच्या जाती आहेत. म्हणजे ही परदेशातून डबीत आली, की माझ्याच माहेरच्या डोंगरातून कुणी खणून काढली, हे मला कधीच कळणार नाही.

हा धंदा किती मोठा आहे याची कल्पना यावी म्हणून एक घटना सांगते. जुलै २०२१ मध्ये चेन्नईला कस्टमने पोलंडहून आलेलं एक टपालाचं पार्सल उघडलं. आत चंदेरी कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या १०७ छोट्या कुप्या, प्रत्येकीत एक जिवंत कोळी. कायदेशीर कागद नव्हते. ते सगळे परत पोलंडला पाठवायचं ठरलं.

उलट दिशेचीही गोष्ट आहे. आंध्रातल्या गुत्ती इथे रेल्वेच्या लाकूड डेपोत एक निळीशार टॅरंटुला सापडली होती. १८९९ मध्ये पोकॉक या शास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं. नंतर शंभर वर्षं ती कुणाला दिसली नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात ती पुन्हा सापडली. गुत्तीला ती बहुधा लाकडांबरोबर गाडीने आली असावी. आज ती अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. जंगलात इतकी थोडी, आणि जगभरच्या हौशी लोकांच्या पेट्यांत मात्र सहज मिळते. ती झाडांच्या ढोलीत राहते. ढोली असलेली जुनी झाडं गेली की तिचं घर गेलं.

२०१९ मध्ये या निळ्या कोळ्याचा पूर्ण वंश सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेला. आपला वन्यजीव कायदा २०२२ मध्ये बदलला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो बदल लागू आहे. त्यात सायटिसच्या प्राण्यांसाठी स्वतंत्र अनुसूची आली. अशा यादीतला जिवंत प्राणी घरात असेल तर त्याची नोंदणी करावी लागते. चिलोब्रॅकिस त्या करारात नाही. पण मला सांगा, यादीत नाव नाही म्हणून ती कुणाच्या घरातून उचललेली नाही असं थोडंच होतं?

बिळात राहणाऱ्या कोळ्यांचं एक वैशिष्ट्य आहे. पिल्लं आईच्या बिळातून निघाली की चालत फार लांब जात नाहीत. एकाच दरडीत, एकाच बांधात शेजारी शेजारी बिळं असतात. मादी वयात यायला वर्षं लागतात. एखाद्या माणसाने एका रात्रीत कुदळ घेऊन ती दरड रिकामी केली, तर तिथे पुन्हा कोळी येतीलच याची खात्री नाही. बाहेरून बघणाऱ्याला काही फरक कळणार नाही. भोकं होती, भोकं बुजली.

आमच्या ह्यांनी सुचवलं, "नाहरगडच्या डोंगरावर नेऊन सोडून देऊ. पुण्य लागेल." मी म्हटलं, तसं करता येणार नाही. ती या मातीतली नाही. इथल्या उन्हात, कडक जमिनीत ती एक आठवडा टिकणार नाही. आणि टिकलीच, तर पेटीतले जंतू, बांडगुळं घेऊन ती इथल्या कोळ्यांच्यात जाणार. सावंतवाडीला नेऊन सोडावी, तर ती तिथलीच आहे हे कुठे ठाऊक आहे? एकदा जमिनीतून उपटलेला जीव परत लावता येत नाही. म्हणून मी ठरवलं, तिला शेवटपर्यंत नीट सांभाळायचं आणि या घरात दुसरी आणायची नाही. मुलालाही सांगितलं. तो आधी चिडला, मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं."

मग कुणाला टॅरंटुला बघायची असेल तर त्याने काय करावं? यावर मला एका ऑस्ट्रेलियन बाईंनी उत्तर दिलं. बार्बरा यॉर्क मेन त्यांचं नाव. १९७४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका राखीव जंगलात त्यांनी झडपेचं दार करणाऱ्या कोळ्यांची बिळं शोधली. टॅरंटुलाचे हे लांबचे भाऊबंद. बाईंनी एकही कोळी घरी नेला नाही. प्रत्येक बिळाशेजारी नंबराची खुंटी ठोकली आणि वर्षानुवर्षं जाऊन बघत राहिल्या. दार शाबूत आहे का, पिल्लांनी नवी बिळं केली का. त्यांतली १६ नंबरची कोळीण ४३ वर्षं जगली, जन्मभर एकाच बिळात. जगातली माहीत असलेली सर्वांत म्हातारी कोळीण. २०१६ मध्ये बाईंच्या सहकारी तिथे गेल्या तेव्हा दाराला गांधीलमाशीने पाडलेलं छिद्र होतं, आत कुणी नव्हतं. इतकं कळलं कारण त्रेचाळीस वर्षं कुणी ते बीळ उकरलं नाही. माझ्या चमच्याला सात आठवडे धीर निघाला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात मी माहेरी गेले होते. लहानपणी आम्ही रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीतल्या भोकांत गवताची काडी घालून बसायचो. आतून कुणीतरी काडी ओढलं की किंचाळत पळायचो. आत कोण आहे हे कधी विचारलं नाही. यंदा रात्री नऊ वाजता भाच्याला घेऊन त्याच वाटेने आंबोलीच्या बाजूला गेले. टॉर्चला लाल कागद लावला होता. दरडीपासून चार हात लांब उभे राहिलो, बोललो नाही. वीस मिनिटांनी एका भोकाच्या तोंडाशी रेशमावर दोन केसाळ पाय आले. मग आणखी दोन. भाचा कुजबुजला, "मावशी, पकडूया?" मी म्हटलं, "नको. उद्या परत बघायला येऊया." दुसऱ्या दिवशी तो माझ्याआधी चपला घालून उभा होता.

तुम्ही घाटात, कोकणात, गोव्यात, बेळगाव-कारवारकडे राहत असाल तर तुमच्या वाटेवरही अशी एखादी दरड असेल. रस्ता रुंद करताना, बंगल्याला सपाटी करताना जेसीबी पहिला तिच्यावरच चालतो. एकदा रात्री जाऊन बघा तिथे कोण राहतं. पाणी ओतू नका, काडी घालू नका. फोटो काढलात तर नेमकी जागा जाहीर करू नका, कारण कुदळवालेही फोटो बघतात.

जाता जाता आमच्या भाडेकरूची खबर. पेन्सिलीनंतर तिने दोनदा कात टाकली. कोळ्यांचा तुटलेला पाय कातीबरोबर परत येतो, हे मी पुस्तकात शिकवलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. पहिल्या कातीत डावा तिसरा पाय काडीसारखा बारीक, अर्धाच होता. गेल्या महिन्यात दार पाच आठवडे बंद होतं. मी चमचा कपाटात कुलपात ठेवला, खरंच सांगते. सहाव्या आठवड्यात सकाळी सालीच्या तुकड्याशेजारी कात पडलेली होती. ही बघा, थर्माकोलवर लावलीय. डावीकडून मोजा. एक, दोन, तीन, चार. तिसरा बाकीच्यांपेक्षा जरा आखूड आहे, पण पूर्ण आहे.

तिला स्वतःला मात्र मी अजून पाहिलेलं नाही. दार उघडून आज नववा दिवस. परवा एक अळी टाकून बघेन.